चाळ बांधलेल्या मुली आमच्या घरी

महाविद्यालयाचा सांस्कृतिक विभाग माझ्याकडे आला तो एका भाल्यामुळे. विद्यार्थी असताना गॅदरिंगच्या एका ऐतिहासिक नाटकात मी दरवाज्याशी भाला धरून उभा होतो. एकदाच ‘जी महाराज’ म्हणायचं होतं, तेही दुसऱ्या पहारेकऱ्याने घाईघाईत आधी म्हणून टाकलं. पुढे नोकरीच्या मुलाखतीत कुणीतरी आवड विचारली, काहीतरी सांगायचं म्हणून मी ‘नाटक’ म्हणालो, आणि शिकवतो अर्थशास्त्र पण सतरंज्या मोजतो वर्षानुवर्षं. मध्यंतरी प्राचार्य बदलले. नव्यांना जाऊन सांगितलं की आता हे काम तरुणांकडे द्या, माझे गुडघे वाजतात. ते प्रेमाने म्हणाले, “छे छे, सर, तुम्ही आहात ना!” आधीचेही हेच म्हणायचे. मी परत सतरंज्यांकडे गेलो.

दर पावसाळ्यात विद्यापीठाचा युवा महोत्सव असतो. आधी जिल्ह्याची फेरी होते आणि तिथे प्रत्येक प्रकारात जो संघ पहिला येतो, तो मुंबईला विद्यापीठाच्या अंतिम फेरीत जातो. बाहेरच्या माणसाला वाटतं, याच्याकडे सांस्कृतिक विभाग म्हणजे हा सतत गाण्यात-नाचण्यात असणार. कला मला दिसते ती पाठीमागून. विंगेत उभं राहून मला फक्त नाचणाऱ्यांच्या पाठीवरच्या सेफ्टी पिना दिसतात. एरवी माझं लक्ष सभागृहाच्या पत्र्यातून पाणी कुठे गळतंय आणि तिथे बादली ठेवली का, परीक्षकांपैकी बिनसाखरेचा चहा कुणाचा, निवेदन करणारी मुलगी रडायला का लागली, यात असतं. संध्याकाळी घरी आलो की बायको विचारते, “कसा झाला कार्यक्रम?” मी म्हणतो, “खुर्च्या पुरल्या.”

गेल्या खेपेची गोष्ट जरा वेगळी होती, कारण त्यात आमची मुलगी होती.

ती आमच्याच महाविद्यालयात शिकत होती. हे दोघांचंही दुर्दैव. पहिल्या दिवशीच तिने मला अट घातली होती, की कॉरिडॉरमध्ये तिला हाक मारायची नाही, आणि डब्यात भाजी कुठली आहे हे स्टाफरूमच्या दारातून सांगायचं नाही. मी पाळलं. ती गाते. गळा तिच्या आईकडून आलाय. माझ्याकडून फक्त चष्मा. पहिल्या वर्षापासून ती लोकनृत्याच्या संघात होती आणि संघ करायचा जाखडी. आमच्याकडे गणपतीत वाडीवाडीत जाखडी असते. मधे गाणारा बुवा मांडी घालून बसतो, शेजारी मृदुंग आणि झांज, आणि भोवती नाचणारे उजव्या पायात घुंगरांचा चाळ बांधून गोल फिरत राहतात. गावात हे पुरुषांचं काम. आमच्या संघात नाचणाऱ्या आठही मुली, मृदुंग-झांजेला रत्नागिरीतलीच दोन मुलं, आणि बुवा म्हणजे आमची कन्या.

पहिल्या वर्षी गाणं वेळेपेक्षा लांबलं आणि संघ बाद झाला. दुसऱ्या वर्षी तिसरे आले. हे तिचं शेवटचं वर्ष. मुंबईच्या त्या मोठ्या रंगमंचावर बसून एकदा गायचंय, हे ती मला कधी म्हणाली नव्हती. आईला म्हणाली होती, कणीक मळताना, आणि बायकोने ते मला सांगताना वर बजावलं होतं, “तुम्ही काही करायला जाऊ नका हं.”

करायला जाण्यासारखं होतंच काय? फेरी नेमकी आमच्याकडे भरणार होती. संयोजकाचा बिल्ला माझ्या छातीवर. मी नुसता तिच्या संघाकडे बघून हसलो असतो तरी बाकीच्या महाविद्यालयांनी ते लक्षात ठेवलं असतं. क्रमांकाच्या चिठ्ठ्या उचलल्या तेव्हा मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. आमच्या संघाची चिठ्ठी निघाली अगदी शेवटची. दापोलीकडच्या एका महाविद्यालयाच्या बाई दरवर्षी संघ घेऊन येतात. आमची जुनी ओळख. त्या म्हणाल्या, “सर, घरच्या संघाला शेवटी बसवलंत? पंगतीत यजमान शेवटी बसतो तसं?”

“बाई, मी चिठ्ठीकडे पाहिलंसुद्धा नाही.”

“तेच म्हणतेय मी. इतकं कोण बघत नाही?”

नृत्य पहिल्याच दिवशी दुपारी होतं. सकाळी मी फाटकाशी पाहुण्या संघांच्या बसगाड्या लावून घेत होतो, तेवढ्यात छमछम ऐकू आली. छत्र्या घेऊन आमच्या आठ मुली एस्टी स्टँडवरून चालत येत होत्या, आणि प्रत्येकीच्या उजव्या पायात चाळ. या सगळ्या संगमेश्वराकडच्या, आतल्या एकाच गावच्या. शिकायला रोज ये-जा करतात.

“अगं, कार्यक्रम दुपारी आहे. आत्तापासून बांधून आलात?”

त्यातली पुढची, उंच मुलगी म्हणाली, “सर, सकाळी देवळात आमच्या आज्यान देवाला गाऱ्हाना घातलान, नाच नीट होव दे म्हनून. गाऱ्हाना झाला की लगेच बांदायचे. तशी चालच हाय.”

“मग आता सोडून ठेवा. दुपारी परत बांधा.”

त्या एकमेकींकडे बघून हसल्या. मी काहीतरी अगदी लहान मुलासारखं बोललो असणार.

“एकदा बांदले की नाचल्याबिगर सोडत नाय, सर. सोडले तर वाडीत त्या वर्षी नाच हुबा राहत नाय.”

“एस्टीत काही बोललं नाही का कुणी?”

“कंडक्टर बोल्ला ना. म्हने, नाच हितंच करताव की रत्नागिरीत जाऊन?”

दुपार झाली आणि परीक्षक आले नाहीत. तिघेही मुंबईहून गाडीने निघाले होते, आणि वाटेत कुठेतरी रुळांवर दरड आली होती. सुरुवातीला वाटलं, तासा-दोन तासांचा प्रश्न आहे. असं वाटायला काही आधार नव्हता, पण संयोजकाला असंच वाटावं लागतं. मी मंचावर जाऊन ‘परीक्षक लवकरच पोहोचत आहेत’ असं सांगितलं. परत सांगितलं. नंतर नंतर मुलं माझ्या आधी ते वाक्य म्हणायला लागली. रांगोळीच्या स्पर्धेचे परीक्षक गावातलेच होते म्हणून ती उरकली, वक्तृत्व उरकलं, नृत्य तेवढं अडकलं. संध्याकाळी निरोप आला, की गाडी रात्रीतून सुटेल, परीक्षक सकाळी येतील. नृत्य उद्या पहिल्या सत्रात.

बाहेरगावच्या संघांची सोय आमच्या वसतिगृहात होती, ते तिकडे गेले. माझ्या आठ मुली मात्र पायऱ्यांवर बसून राहिल्या. घरी जायला शेवटची एस्टी होती, पण सकाळची पहिली गाडी त्यांना सभागृहात वेळेवर पोहोचवणारी नव्हती. आणि दुसरी अडचण त्यांच्या मते जास्त मोठी होती. न नाचता, चाळ वाजवत गावात पाऊल कसं टाकायचं? त्या उंच मुलीने फोनवर आजोबांना विचारलं. पलीकडून मोठ्या आवाजात काहीतरी सांगितलं गेलं. तिने फोन ठेवला आणि म्हणाली, “नाचूनच या, म्हनतात.”

वसतिगृहात एक खाट रिकामी नव्हती. प्राचार्य जवळच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी ते वाक्य म्हणायच्या आत मी बायकोला फोन लावला.

तर अशा चाळ बांधलेल्या मुली आमच्या घरी आल्या. आमचं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि त्यात निम्मी जागा मी घरी आणून ठेवलेल्या जुन्या ट्रॉफ्यांनी खाल्लेली. बायकोने कुकरला दुप्पट भात लावला, मोठं पातेलं काढून कुळथाची पिठी केली. मुली म्हणाल्या, “काकी, आमी करताव, तुमी बसा.” आठजणी आळीपाळीने स्वयंपाकघरात जाऊ-येऊ लागल्या. पाणी प्यायला कोण उठलं, पापड भाजायला कोण गेलं, सगळं दिवाणखान्यात बसून कळत होतं. न्हाणीघराबाहेर तर रांगेत उभं राहून पाय हलवायची त्यांची सवय, तिथे सारखा नाच.

ताटं मांडत होतो तेव्हा बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका दारात उभे. बनियनवर शाल.

“सर, वर काय गाई बांधल्यात काय?”

मी सगळं सांगितलं. काकांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. सगळ्याजणी आपापला उजवा पाय पोटाशी घेऊन, घुंगरं मुठीत धरून चिडीचूप बसल्या होत्या. काकांनी शाल सावरली. ते म्हणाले, “माझी हरकत नाही. पण गाई असत्या तर दूध तरी मिळालं असतं,” आणि खाली गेले.

जेवताना मी पाहिलं, की त्यांचे पाय सुजले होते. चाळ कातडी पट्ट्यांचा, पावसात भिजून आवळलेला. घोट्याच्या वर लाल वळ उठले होते. एकीला तर पाऊल टेकताना त्रास होत होता. ती बुटकी, गोल चेहऱ्याची, सगळ्यात जास्त हसणारी. ती आता हसत नव्हती. बायकोने खोबरेल तेल गरम करून दिलं, पण तेल चाळाच्या वर आणि खाली, मधे जिथे दुखतंय तिथे जाणार कसं?

मी माझं शिक्षण वापरून पाहिलं. म्हटलं, “हे बघा, श्रद्धा ठीक आहे. पण देव काय तुमचे पाय दुखवून खूश होणार आहे का? रात्रभर सोडा. सकाळी गाऱ्हाणं इथे घालू, मी घालतो. याला काही शास्त्र नाही.”

गोल चेहऱ्याची मुलगी म्हणाली, “शास्त्र असतं तर सोडले असते, सर. शास्त्रात सूट असते.”

सगळ्या हसल्या. मीही हसलो. मग मी कन्येला खुणेने बाल्कनीत बोलावलं. कॉरिडॉरची अट घरात लागू नव्हती.

“तू सांग त्यांना. तुझं ऐकतील.”

“हो, ऐकतील.”

“मग सांग ना. ही मुलगी उद्या नाचणार कशी? तुझं शेवटचं वर्ष आहे. मला कळत नाही असं समजू नकोस.”

ती वाळत घातलेल्या माझ्या शर्टाची बाही ओढून सरळ करत राहिली. “मी सांगितलं तर त्या सोडतील, बाबा. म्हणूनच सांगत नाही.”

“याचा अर्थ काय?”

“मला मुंबईला जायचंय. त्यांना गणपतीत घरी जायचंय. उद्या आपण जिंकलो, आणि यंदा काहीही कारणाने त्यांच्या वाडीत नाच उभा राहिला नाही, तर त्या आयुष्यभर काय म्हणतील? बुवाच्या हट्टापायी सोडले.”

अर्थशास्त्रात याच्यावर एक आख्खं प्रकरण आहे, आणि ते मी दरवर्षी शिकवतो. पण मला त्यातलं काही आठवलं नाही.

आत अंथरुणं पडत होती. उंच मुलगी उशी झटकत म्हणाली, “बुवाचा बरा असतंय. मांडी घालून बसायचा नि गायचा. पायाला काय नाय.” चिडवलंच होतं, वाईट हेतू नव्हता. पण त्यांच्या पिशवीत एक जादा चाळ होता, कुणाचा तुटला तर म्हणून ठेवलेला. आमच्या मुलीने तो काढला आणि उजव्या पायात बांधायला घेतला.

“अगं, बुवा नाय बांदत!”

“हा बुवा बांधतो.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रॉफ्यांकडे पाहिलं.

दिवे मालवल्यावर कूस बदलली की कुणाचा तरी चाळ वाजे. वाजला की दुसरी हसे, हसली की तिचा वाजे. मी पलंगावर पडून बायकोला म्हणालो, “मला या विभागातून सोडवा म्हणून उद्या परत सांगणार आहे.” ती म्हणाली, “सांगा. दरवर्षी सांगता.” आणि तिला झोप लागली.

सकाळी परीक्षक आले, तिघेही गाडीत रात्रभर बसून आंबलेले, चुरगळलेले. मी त्यांना चहा दिला आणि मला त्यांच्याबद्दल अचानक बंधुभाव वाटला. नृत्य सुरू झालं. एकेक संघ येत होता. दापोलीकडच्या बाईंच्या संघाने कोळीनृत्य केलं आणि सभागृह शिट्ट्यांनी भरून गेलं. विंगेत बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“तुमच्या मुली काल तुमच्याकडे होत्या म्हणे. चाळांसकट?”

“चाळांसकट.”

“सर, मला सांगायचं होतंत. आमचा नंबर दिला असता मी तुम्हाला. आधी नाचून मोकळ्या झाल्या असत्या.”

“तुम्हीच म्हणाला असतात, घरचा संघ म्हणून बदलून घेतला.”

बाईंनी थोडा विचार केला. “म्हणाले असते,” म्हणाल्या. “पण दिलाही असता.”

शेवटी आमचा संघ आला. मी या वेळी बादल्यांकडे पाहिलं नाही. प्राचार्यांनी लांबून हाक मारली ती ऐकली नाही. कन्या मधे बसली, उजवा पाय जरा बाहेर काढून, कारण चाळ बांधलेल्या पायाची मांडी नीट घालता येईना. गण म्हटला, गवळण झाली. आवाज लागला होता. मला गाण्यातलं कळत नाही, पण सभागृहाच्या मागच्या रांगेतली मुलं मोबाईलवरून डोकं वर काढतात तेव्हा आवाज लागलेला असतो, एवढं इतक्या वर्षांत समजलंय. मुली फिरत होत्या आणि आठ चाळ एकदम पडत होते. मला वाटलं, झालं. गेली ही मुंबईला.

जाखडीत शेवटी लय चढवतात. चढवत चढवत अशा ठिकाणी नेतात की बघणाऱ्याला वाटतं, आता कुणीतरी पडणार, आणि कुणी पडत नाही. तीच गंमत, गुणही तिथेच मिळतात. मृदुंगावरच्या मुलाने हात उचलला. तेवढ्यात गोल चेहऱ्याची मुलगी वळणावर लंगडली. एकदाच, जेमतेम दिसेल न दिसेल असं. प्रेक्षकांना दिसलं नसेल. मला दिसलं, कारण मी आदल्या रात्री तिचा पाय पाहिला होता. आणि बुवाला दिसलं.

तिने गाता गाता डावा हात जमिनीलगत आडवा धरला. मृदुंगवाला तिच्याकडे बघतच राहिला. तिने हात तसाच ठेवला. लय चढली नाही. ज्या गतीत होती त्याच गतीत ती शेवटची कडवी गायली, स्वच्छ, एकेक शब्द वेगळा. मुली त्याच गतीत फिरल्या, गोल मोडला नाही, आणि नाच संपला. टाळ्या चांगल्या पडल्या. एका परीक्षकांनी मान हलवत कागदावर काहीतरी लिहिलं. चहाच्या वेळी ते मला म्हणाले, “आवाज फार छान हो त्या मुलीचा. पण शेवटी चढायला हवं होतं. कुणी शिकवलं नाही वाटतं.”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

बाहेर जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर मुली चाळ सोडायला बसल्या. नाचून झालं होतं, आता मोकळीक होती, पण भिजलेल्या गाठी इतक्या घट्ट बसल्या होत्या की सुटेनात. कँटीनवाल्याने सुरी आणून दिली. “कापायचे नाय,” सगळ्या एकदम ओरडल्या. वर्षानुवर्षं हेच चाळ वाडीत नाचत आले होते. बाई जाता जाता थांबल्या, “गाठीत तेल सोडा, आणि सुईने उचला,” म्हणाल्या आणि पर्समधून सुई काढून दिली. मग मी खाली बसलो. गुडघे वाजले ते सगळ्यांनी ऐकलं. एकेक चाळ सुटत गेला, मुली तळवे चोळत होत्या, एकमेकींना घोटे दाखवत होत्या. गोल चेहऱ्याची मुलगी आमच्या मुलीला काहीतरी सांगू बघत होती. तिने “गप गं,” म्हणून तिला बोलूच दिलं नाही.

शेवटचा पाय आमच्या मुलीचा. तिची गाठ सगळ्यात वाईट होती, कारण बांधायची सवय नाही. सुई आत घातली आणि आत सभागृहात निकाल सुरू झाला. बाहेरच्या कर्ण्यावर सगळं ऐकू येत होतं. लोकनृत्य, तृतीय क्रमांक, कुणीतरी. द्वितीय क्रमांक म्हणून आमच्या महाविद्यालयाचं नाव घेतलं.

माझ्या हातातलं पाऊल ताठ झालं. मी वर पाहिलं नाही. गाठीतला एक पदर उचलला होता, तो सुटून परत आत जाईल या भीतीने तसाच धरून बसलो. आत पहिला क्रमांक पुकारला आणि कोळीनृत्याच्या मुलांनी आरडाओरडा केला. आमच्या आठही मुली उभ्या राहिल्या होत्या, अनवाणी.

वरून आवाज आला, “बाबा, इकडून ओढू नका. गाठ बसेल.”

“मग कुठून?”

“त्या बाजूने. हळू.”

मी त्या बाजूने ओढलं. गाठ सुटली. तिने पाय आखडून घेतला, त्याच्यावरचा लाल पट्टा अंगठ्याने चोळला, बराच वेळ चोळला, आणि उंच मुलीला म्हणाली, “तुमची गाडी किती वाजता आहे? मी येते स्टँडवर.” आवाज गाण्याच्या वेळी होता त्यापेक्षा थोडा खाली होता, एवढंच.

“सर!” प्राचार्य दारात आले होते. “अहो, आभार राहिलेत. सगळे खोळंबलेत. तुम्ही आहात ना!”

मी उठलो. आत गेलो, पायऱ्या चढून मंचावर गेलो, आणि दरवर्षीसारखे क्रमाने आभार मानायला लागलो. आधी विद्यापीठाचे, मग परीक्षकांचे, इतका त्रास सोसून आले म्हणून. समोर मुलं हसायला लागली. मी चष्मा सारखा केला, तरी हसत होती. मग माझ्या लक्षात आलं, की सोडलेला शेवटचा चाळ माझ्या हातातच राहिला होता, आणि मी एकेक नाव घेऊन हात उचलला की माईकवर तो वाजत होता. ठेवायला जवळ टेबल नव्हतं. मी तो मुठीत घट्ट धरला आणि पुढचं नाव घेतलं.